चौदा गॅमा

रुपया टक्‌कन चिकटला, एवढेच झाले. यवतमाळच्या बसस्टँडमागे अय्यूबचे रेडिओ आणि बॅटऱ्या दुरुस्तीचे दुकान आहे. फळीवरून सांडलेले स्क्रू गोळा करायला त्याने जुन्या भोंग्यातले लोहचुंबक धुळीतून फिरवले, आणि ते फळीवर ठेवताना कोण्या गिऱ्हाइकाने टाकलेला रुपया आपण होऊन सरकला आणि त्याला जाऊन बिलगला. अय्यूब हसला. "देखा सर, आजकाल रुपया बी कोनाच्याही गळ्यात पडते," तो म्हणाला. भावसिंग राठोडही हसला. तो कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट ही तीन नावे तो दर जुलैत फळ्यावर लिहितो आणि पोरे ती दर मार्चमध्ये उत्तरपत्रिकेत चुकवतात. रुपया निकेलचा आहे, निकेल चुंबकाला चिकटते, यात नवल ते काय. त्याने अय्यूबकडून दुरुस्त झालेली पितळेची दिव्याची बैठक घेतली, पिशवीत ठेवली, आणि पिशवीतला लांबट लिफाफा चुरगळू नये म्हणून तो बाहेर काढून पुन्हा सरळ घातला. मग कशासाठी कोण जाणे, त्याने तो रुपया चुंबकावरून ओढून काढला आणि उलटा करून पाहिला. एका बाजूला वाघ होता. दुसऱ्या बाजूला राजाचे तोंड. सत्तेचाळीस सालचा. राजाचे तोंड असलेला रुपया चांदीचाच असतो असे आपण इतकी वर्षे कशावरून धरून चाललो होतो, हे त्याला आठवेना. हातातले नाणे एकाएकी नको तितके ओळखीचे वाटू लागले. "तुमाले पाह्यजे असंन तर ठेवा न, सर," अय्यूब म्हणाला, "नाहीतरी ते गिऱ्हाईक उद्याच येनार हाय." भावसिंगने ते परत फळीवर ठेवले. पोस्टाची रजिस्ट्रीची खिडकी चारला बंद होते, त्याच्या घड्याळात सव्वातीन झाले होते, आणि लिफाफा मुंबईला पोचण्याची मुदत अशी होती की आज टाकला तरच पोचणार होता. तो पोस्टाकडे वळायचा सोडून बसस्टँडकडे वळला आणि बाभुळगावच्या गाडीत चढून बसला.

खिडकीशी जागा मिळाली. गाडीत कापसाची बोचकी, दोन कोंबड्या आणि नेहमीचा धूर. आपण वेडेपणा करतो आहोत हे त्याला पहिल्या दोन मैलांतच पटले. गळ्यात रुपयांचा हार घातलेल्या बाया बाभुळगावकडच्या त्याच्या बंजारा तांड्यात दहा-बारा तरी निघतील, आणि त्याच्या आईचा, सुखीबाईचा हार तर तिच्या लग्नातला, चांदीचाच असणार. चांदीला चुंबक हुंगतही नाही. त्याने पिशवीवरून हात फिरवला. लिफाफ्यात सतरा पाने होती. दोन वर्षांची रोजची निरीक्षणे, पाऊस, सुट्या आणि बिघाडाचे दिवस वगळून उरलेल्या दोनशे अकरा नोंदी, आणि शेवटी त्यांतून काढलेले एक समीकरण. मुंबईच्या त्या संस्थेत निबंध निवडला गेला तर संशोधनाची जागा होती. तसे पत्रच आले होते. एकतिसाव्या वर्षी बाटल्या, तारा आणि पोरांनी फोडलेली भिंगे मोजणे सुटणार होते. विभागप्रमुखांच्या तोंडचे "राठोड, जरा त्या कपाटाची किल्ली बघा" सुटणार होते. किल्ली बघण्यात काय कमीपणा आहे असे तो वरवर म्हणे. पण किल्ली मागतानाच त्यांना त्याचे आडनाव बरोबर आठवते आणि परिषदेला नावे पाठवताना आठवत नाही, हे त्याच्या मनात काट्यासारखे रुतून बसले होते.

पृथ्वीला शेपूट आहे, हे त्याने पहिल्यांदा नागपूरच्या ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचले होते. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो. त्या वाऱ्याने पृथ्वीचे चुंबकक्षेत्र रात्रीच्या बाजूला लांबच लांब ओढले जाते, चंद्राच्याही पलीकडे. तिकडे सोडलेल्या उपग्रहाने ते नुकतेच मोजले होते. शेपटाच्या वरच्या अर्ध्यात क्षेत्राची दिशा पृथ्वीकडे, खालच्या अर्ध्यात पृथ्वीपासून दूर, आणि दोहोंच्या मधे एक पातळ पट्टा, जिथे क्षेत्र जवळजवळ नाहीसे होते. या पट्ट्यात सापडलेला कण वर जायला बघतो तर वरचे क्षेत्र त्याला खाली वळवते, खाली जातो तर खालचे वर वळवते; असा हेलकावत, मधली रेघ पुन्हा पुन्हा ओलांडत तो पुढे सरकतो आणि अखेर कधीतरी पृथ्वीच्या दिशेने फेकला जातो. त्या रात्री तांड्यावर येऊन त्याने हे सगळे आईला सांगितले होते. कुणाला तरी सांगितल्यावाचून त्याला राहवेना. सुखीबाईने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि म्हणाली, "म्हंजे आपल्या लदेणीवानी." तिच्या सासऱ्याच्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून तांडा घाटातून जाई. दोन्ही अंगांना चढण; बैल डावीकडे भरकटला की उतार त्याला मधे आणतो, उजवीकडे भरकटला की पुन्हा मधे. हाकायला माणूस लागत नाही. भावसिंगने समीकरण मांडले ते त्या बैलांवरून, ही गोष्ट निबंधात कुठे लिहिली नव्हती. तिथे ती लिहायची पद्धत नसते.

कण पृथ्वीकडे फेकले गेले की जमिनीवरच्या चुंबकक्षेत्रात संध्याकाळी-रात्री किंचित फुगवटा येतो. किंचित म्हणजे किती, तर पाच-दहा गॅमा. आणि गॅमा म्हणजे आपल्याकडच्या एकूण क्षेत्राचा चाळीस हजारावा हिस्सा. ते मोजायचे तर आसपास लोखंड नको, विजेच्या तारा नकोत, आगगाडी नको. शहरात हे कुठले? तांड्यात मात्र यातले काही नव्हते. गरिबीचा एवढा एक उपयोग त्याला पहिल्यांदाच सापडला होता. त्याने सागाच्या फळ्या आणि तांब्याचे खिळे वापरून, मातीने लिंपून एक खोपटी उभी केली. आत भिंतीला लागून दगडी खांब, त्यावर काचेच्या बरणीत रेशमाच्या धाग्याला टांगलेली आरसा लावलेली चुंबकसूची, समोर दिवा, आणि आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका ज्यावर पडतो तो फोटोच्या कागदाचा फिरता डबा. बॅटरी तीस पावलांवर. तांड्याचा नाईक प्रेमसिंग याने सगळ्यांसमोर आण घातली, की विळा असो, कुऱ्हाड असो, सायकल असो, खोपटीपुढून जाणाऱ्याने आपले लोखंड आधी कडूनिंबाखाली ठेवायचे आणि मोकळ्या हाताने जायचे. देवळाबाहेर वहाणा काढतात तसे लोक ते करू लागले. थट्टाही करू लागले. कुणी जाताना खोपटीला हात जोडी. आणि राखणीला बसली सुखीबाई. दिवस मावळताना माणसे शेतातून परततात, हातात विळे-कुऱ्हाडी असतात, तीच धोक्याची वेळ. म्हणून रोज त्या वेळी ती खोपटीच्या भिंतीला पाठ लावून बसे आणि कुणी निंब विसरून पुढे आला की अंगणाकडे वाकून त्याच्या सात पिढ्या काढी. सातच्या सुमारास भावसिंग शेवटच्या गाडीने उतरून, तीन मैल चालून येई. घड्याळ, पट्टा, किल्ल्या निंबाखाली ठेवी. आणि तो दिसला की ती भाकरी टाकायला उठे. बिजलीबाई, त्याची बायको, दोन लेकरांसह यवतमाळच्या खोलीत राहते, आणि नवरा रोज संध्याकाळी आईकडे पळतो याचा तिने आपल्यापरीने अर्थ लावून ठेवला आहे.

फुगवटे पहिल्या आठवड्यापासून मिळत गेले. दिवस मावळता सुरू होणारे, तास-सव्वा तास टिकणारे, चौदा गॅमा उंच, आणि उंचीवर पोचल्यावर मधे मधे खाली बुडी मारून परत वर येणारे. या बुड्या म्हणजेच कणांनी मधला पट्टा ओलांडणे, असे त्याचे म्हणणे होते. बुड्यांमधल्या अंतराची सरासरी चार मिनिटे. त्याच्या समीकरणातून चार मिनिटे नि दहा सेकंद येत होती. हे जुळले त्या सकाळी तो नदीवर जाऊन एकटाच हसत बसला होता. फक्त एक हळहळ होती: फुगवटा चालू असताना ठिपका हललेला त्याने आपल्या डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. तो पोचायचा आणि कण नेमके त्याच्या आधी माघारी गेलेले असायचे. सुटीच्या दिवशी राखणीला तो स्वतः असला की रेघ सरळच्या सरळ. असे दिवस त्याने 'निरीक्षकाच्या वावरामुळे अविश्वसनीय' म्हणून बाजूला काढले होते. कसा काढला होता तो शब्द. अविश्वसनीय.

गाडी कळंबच्या फाट्यावर थांबली तेव्हा तो मनाशी मिनिटे मोजत होता. हार निकेलचा असेल तर बुडी म्हणजे ती वाकत असणार, हार भिंतीपासून दूर जात असणार. चौथ्या मिनिटाला प्रेमसिंग कुऱ्हाड घेऊन, आठव्या मिनिटाला शेजारच्या धरमसिंगची सून विळा घेऊन. म्हातारी अंगणाकडे वाकते, शिव्या देते, परत टेकते. त्याला हसू आले आणि लगेच इतका संताप आला की समोरच्या माणसाने कोंबडी उचलून मांडीवर घेतली. राग तरी कोणावर काढायचा? कुंपणानेच शेत खाल्ले म्हणावे तर कुंपण त्यानेच घातले होते. लोखंड नको, लोखंड नको, असे दोन वर्षे घोकले आणि निकेलचा शब्द काढला नाही. कारण तांड्यात निकेल कुठून येणार, असा हिशोब. आणि मग हलकेच दुसरा विचार आला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला. मुंबईत सुखीबाईचा हार कोणाला माहीत आहे? निबंधात खोपटीचे वर्णन आहे, तांब्याच्या खिळ्यांचा उल्लेख आहे, तीस पावलांचा आहे. समीकरण चूक नाही. उद्या सकाळच्या गाडीने जाऊन लिफाफा टाकला, मुदत एका दिवसाने टळली तरी विनंती करता येईल. आपण काही पाहिलेच नाही. एक रुपया एका चुंबकाला चिकटला, बस. त्याने डोळे मिटले तर एकोणसाठ सालचा आषाढ दिसू लागला: एम.एस्सी.ची फी भरायची मुदत, बाप धनसिंग दिग्रसच्या जिनिंगात चौकीदार आणि पगार तीन महिने थकलेला, आणि सुखीबाई कोणाला न सांगता दोन दिवस दिग्रसला जाऊन आली. फीचे पैसे जिनिंगच्या शेठने दिले, म्हणाली. हार कसा चकाकतो आहे म्हणून त्यानेच विचारले होते. "धुवून आनला सोनाराकडून," ती म्हणाली होती. भौतिकशास्त्राच्या पदवीधराने त्यावर मान डोलवली होती.

तो साडेपाचलाच तांड्यावर पोचला, तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसलेली होती. इतक्या लवकर त्याला पाहून उठायला लागली. "बस, याडी," तो आईला म्हणाला. पिशवी, घड्याळ, पट्टा, किल्ल्या त्याने निंबाखाली ठेवल्या. लिफाफा आणि नोंदवही घेऊन खोपटीत शिरला, पणती लावली आणि डब्यापुढच्या, गॅमाच्या खुणा असलेल्या काचपट्टीवरच्या ठिपक्याकडे पाहिले. ठिपका चौदावर होता. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या डोळ्यांनी फुगवटा पाहत होता.

"याडी, थोडी पुढं वाक."

"काहून?"

"वाक तं खरी."

ठिपका चारवर आला.

"आता टेक."

ठिपका चौदावर गेला. बुडी. त्याने हे आणखी तीनदा करवून घेतले. दुसऱ्यांदाच खात्री झाली होती, तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा नुसत्या चिडीने. मग तो दारात येऊन उभा राहिला. मावळतीचे ऊन तिच्या गळ्यावर पडले होते. एकवीस रुपये, एकवीस राजे, सगळ्यांची तोंडे बाहेर. वाघ आतल्या बाजूला, अंगाशी.

"हे रुपये कवाचे हाय, याडी?"

तिने हारावर पदर ओढला, आणि ते पाहून त्याला विचारायचे उरले नाही. तरी त्याने विचारले. "चांदीचे कुठं गेले?"

"कुठं गेले म्हंजे? तू नागपूरले शिकला न."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तू शिकला असता?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात ना उपकार होता ना तक्रार. जुन्या घरात कोण राहत होते हे सांगावे तसे सांगितले. "तुले कळू नये म्हनून राजाचे निवडून घेतले. दोन दिस लागले. सोनार कटाळला. म्हने, बाई, हे काय येड घेतलं. आता आठ वर्सांनी तुले काहून सुचलं हे?"

तेव्हा तो ओरडला. जे रुपये पाहून माणसाने पाया पडावे त्या रुपयांवर ओरडला, आणि ओरडताना हे त्याला कळत होते. दोन वर्षे वाया गेली, म्हणाला. दोनशे अकरा दिवस वाया गेले. मुंबई गेली. या रुपयांत चुंबकाला ओढणारा धातू असतो आणि तू रोज तो माझ्या यंत्राला टेकवून बसत होतीस. आवाज एवढा चढला की विळा ठेवायला थांबलेली धरमसिंगची सून निंबाखालीच खिळली. सुखीबाई ऐकून घेत होती. तिला निम्मे कळले नसेल. तिची नजर धरमसिंगच्या सुनेच्या हातातल्या विळ्यावर होती.

"मी एक विळा बी जाऊ देल्ला नाही, बेटा," ती म्हणाली. "पोरायची सायकल नाही. प्रेमसिंगची कुऱ्हाड नाही. इमानानं राखन केली."

"हो," तो म्हणाला.

"मंग मीच का?"

खोटे बोलणे सोपे होते. त्याने तोंड उघडलेही, आणि मग नुसती होकाराची मान हलवली. हार काढून ठेव, हे शब्द त्याच्या तोंडाशी आले होते. पण नवरा जिवंत असता हा हार उतरत नाही, गळ्यातून निघतो तो एकाच दिवशी, आणि तो दिवस मागायला तो तयार नव्हता. तो आत गेला.

नोंदवहीत चार रकाने होते: तारीख, वेळ, उंची, शेरा. शेऱ्याचा रकाना त्याने पुढच्या संशोधनासाठी कोरा सोडला होता. पहिल्या पानावर, सहासष्टच्या जानेवारीतल्या पहिल्या ओळीसमोर त्याने लिहिले: याडी. खालच्या ओळीसमोर: याडी. पितळी निबाचा टाक रागाने दाबला जात होता. याडी, याडी, याडी. पान उलटले, पुन्हा तेच. असे लिहीत तो सदुसष्टच्या एप्रिलपर्यंत आला आणि थांबला. रामनवमीला सुखीबाई पोहरादेवीच्या जत्रेला गेली होती, आठ दिवस. आठ दिवस रेघ सरळ, सूर्य शांत, असे निबंधात एक अख्खे पान खर्ची घातले होते. पण आठांतल्या पाचव्या दिवशी एक ओळ होती, आडवी रेघ मारून खोडलेली. संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटे. उंची चार गॅमा. वीस मिनिटे. बुडी नाही. शेजारी त्याच्याच अक्षरात: बॅटरीचा दोष, कागद टाकून दिला. इतर दोनशे अकरांशी ते जुळत नव्हते म्हणून टाकून दिले होते. त्या कागदाने चूल पेटवली होती हेही त्याला आठवले. फोटोचा कागद कसा निळा जळतो ते तो पाहत बसला होता. त्या दिवशी याडी तांड्यात नव्हती. शेपटातून खरोखर काही आले असेल तर ते तेवढेच. त्या ओळीसमोर लिहायला त्याच्याकडे काही नव्हते. त्याने टाक खाली ठेवला आणि डोके खांबाच्या दगडाला टेकले. दगड थंड होता. पुन्हा पहिल्यापासून करायचे. भिंतीला कोणी न टेकता, कोणी राखणीला न बसता, किती संध्याकाळी कोण जाणे. नाहीतर लिफाफा होता, शेजारीच, नीट सरळ. त्याने तो उचलला, पाठकोरे कागद कामाला येतील म्हणून फोडला, आणि सतरा पाने उलटी करून नोंदवहीखाली ठेवली.

"बेटा," ती बाहेरून म्हणाली, "लोखंड निंबाखाली ठेवते न लोक? मी बी तिथंच बसीन. तिथून बी शिव्या देता येते."

"याडी, थांब," तो म्हणाला. पण उठला नाही. तिची काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला, गुडघ्यावर हात ठेवून उठताना ती नेहमी काढते तो हुंकार आला. काचपट्टीवरचा ठिपका थरथरला. ती उभी राहिली तेव्हा नऊवर होता. पहिल्या पावलाला चारवर आला. दुसऱ्याला एकवर. तिसऱ्या पावलाला तो मूळ रेघेवर जाऊन थांबला, आणि निंब अजून सत्तावीस पावले दूर होता. काठीचा आवाज पुढे बराच वेळ येत राहिला, पण ठिपका हलला नाही. तिसऱ्या पावलापुढे ती आहे की नाही, हे यंत्राला कळत नव्हते.